खळं खोडून खळंच लिहिलं!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला ढगांवरचा लेख वाचला. लॅटिन ‘निंबस’ म्हणजे आधी पावसाचा ढग, मग देवादिकांभोवतीचं तेजोवलय, हे लेखकमहाशयांनी छान सांगितलं आहे. १८०३ साली ल्यूक हॉवर्ड या इंग्रज हवामान अभ्यासकानं ढगांना नावं दिली, तेही ठीक. (ढगांना नावं ठेवायचं काम आम्ही शेतकरी दर जूनमध्ये करतोच.) पण शेवटी ‘चंद्राभोवतीच्या हॅलोला मराठीत नेमका शब्द नाही’ हे वाक्य आलं आणि हातातला चहा तसाच राहिला.

शब्द नाही? मग खळं काय आहे?

एकट्या लेखकाची चूक असती तर सोडूनही दिलं असतं. गेल्या वर्षी माझ्या नातीनं शाळेच्या चाचणीत, चंद्राभोवतीच्या कड्याला काय म्हणतात, याचं उत्तर ‘खळे’ असं लिहिलं. बाईंनी लाल फुली मारली आणि शेजारी ‘हॅलो’ लिहिलं, फोन उचलल्यासारखं. मी शाळेत गेलो. बाई अदबीनंच बोलल्या, ‘‘आजोबा, खळं मळणीचं असतं. हा विज्ञानाचा पेपर आहे.’’ पोरीसमोर वाद नको म्हणून गप्प परत आलो. तो अर्धा मार्क अजून माझ्या घशात अडकलाय.

कारण बाईंच्या त्या ‘हॅलो’चं मूळ ग्रीक ‘हालोस’, आणि त्याचा अर्थ मळणीचं खळं! बैल फिरायची ती गोल जागा. त्यावरून सूर्यचंद्राचं बिंब, पुढे त्याभोवतीचं कडं. आपलं खळंही असंच शेतातून आभाळात गेलं. तिकडच्या कुणब्यानं वर बघितलं, इकडच्यानंही बघितलं, दोघांना खळंच दिसलं. म्हणजे बाईंनी खळं खोडून खळंच लिहिलं की हो!

आमचा आजा शेणानं सारवलेल्या खळ्यात मेढ रोवून जोंधळा मळायचा. रात्री चंद्राला खळं पडलं की हात लांब करून वीत धरायचा. अंगठा चंद्रावर टेकवला की करंगळी खळ्याला लागायची. ‘‘लांबचं खळं, जवळचा पाऊस. रास झाका रं,’’ असा हुकूम सुटायचा. पातळ, उंच ढगांतल्या बर्फाच्या षटकोनी कणांतून प्रकाश वाकतो आणि चंद्रापासून २२ अंशांवर कडं उमटतं, असं विज्ञान सांगतं. लांब केलेल्या हाताची वीत साधारण तेवढीच भरते. असे ढग पुष्कळदा पावसाच्या पुढं येतात. आजा अंगठेबहाद्दर होता, पण हिशेब चुकला नव्हता.

आपल्या लेखकांना लॅटिनचीच हौस असेल तर ‘नेब्युला’ घ्या, म्हणजे धुकं, ढग. ती आपल्या ‘नभा’ची सख्खी बहीण. पण दारातलं खळं सोडून किती लांब जायचं?

ता.क. कोल्हापूर आवृत्तीत हवामानाच्या चौकटीत पुण्याचं तापमान का छापता? परवा तिथं ‘आकाश निरभ्र’ होतं. तो अंक मला चुलीजवळ वाळवून वाचावा लागला.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
ता. करवीर, जि. कोल्हापूर