पुण्याची वाट बघण्यापेक्षा संकेश्वरला तीनदा जा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गणपती जवळ आले की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मंडळांची डीजे ठरवायची धावपळ सुरू होते. त्याच वेळी ‘आपल्या पोरांचे मराठी रॉक ऐकतंय कोण?’ हा प्रश्नही निघतो. ऐकणारे आहेत. बँडच त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत, पुण्याच्या एका मोठ्या कार्यक्रमाच्या आशेवर वर्ष घालवतात. पुण्याला जाऊन-येऊन सुमारे ७०० किलोमीटर होतात. तेवढ्या डिझेलमध्ये कोल्हापूरच्या तीन फेऱ्या होतात, संकेश्वरच्या सात. श्रोता एका कार्यक्रमाने बांधला जात नाही. पहिल्यांदा तो कुतूहलाने येतो, दुसऱ्यांदा मित्राला आणतो, तिसऱ्यांदा गाणे त्याला पाठ असते. म्हणून खानापूर, चंदगड, संकेश्वर, गडहिंग्लज, निपाणी, कोल्हापूर आणि उलट दिशेला धारवाड एवढे रिंगण ठरवून प्रत्येक गावात दोन-तीन महिन्यांनी पुन्हा गेले पाहिजे.

त्याआधी गाणी स्वतःची हवीत. कन्नडमध्ये गायक रघु दीक्षित यांनी शिशुनाळ शरीफांची पदे गिटारवर आणली. एकोणिसाव्या शतकातल्या या संतकवीचे गाव आपल्यापासून फार लांब नाही, हुबळीच्या पलीकडे. मल्याळममध्ये ‘अवियल’ या बँडने २००८ मध्ये अख्खा रॉक अल्बम मातृभाषेत काढला. मराठीत तर ताल आयता आहे. भजनी ठेका आठ मात्रांचा, म्हणजे ड्रमरच्या भाषेत चार-चारचे दोन बार. गडबड होते ती इंग्रजी चालीवर मराठी शब्द कोंबले की. ऱ्हस्व अक्षर लांब सुरावर ताणले तर ‘दिन’चा ‘दीन’ होतो आणि ‘सुत’चा ‘सूत’. धृपदाची ओळ शक्यतो ‘आ’ किंवा ‘ओ’वर संपवावी. वरच्या पट्टीत ‘ई’ आणि ‘ऊ’ ओढताना गायकाचा गळा आवळतो आणि गर्दीलाही ते सूर धरवत नाहीत. शिवाय ‘काय करालास’, ‘ये की’ ही आपली बोली गाण्यात येऊ द्या. पुस्तकी मराठीत लिहिलेले गाणे इथल्या पोरांना परक्याचे वाटते.

कार्यक्रमाआधी गाण्यांचे शब्द एका कागदावर छापून वाटावेत, एका बाजूला देवनागरीत, मागे तेच मराठी शब्द कन्नड लिपीत. घरी मराठी बोलणारी, पण कन्नड शाळेत शिकलेली कितीतरी मुले देवनागरी अडखळत वाचतात. हा कागद हातात असला की दुसऱ्या धृपदापासून ती गाऊ लागतात.

४५ मिनिटांत नऊ गाणी बसतात. सात स्वतःची, दोन ओळखीची, आणि ओळखीची दोन्ही सुरुवातीला नकोत. ‘ध्वनिप्रदूषण नियम, २०००’नुसार रात्री १० ला भोंगा बंद करावा लागतो, म्हणून सुरुवात लांबली तरी पावणेदहाला आवरावे. पोलीस ठाण्याचा ध्वनिक्षेपक परवाना खिशात असावा. गाडी पिवळ्या पाटीची, म्हणजे भाड्याची असेल तर राज्याच्या सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडण्याआधी महाराष्ट्राचे परमिट तपासावे. गळीत हंगामात निपाणी-चिकोडी पट्ट्यात रात्री उसाच्या ट्रॉल्या रस्ताभर असतात, तेव्हा तास-दीड तास जादा धरावा. जून ते सप्टेंबर खानापूरच्या पावसात उघड्यावर काही ठरवूच नये.

आता आवाजाबद्दल, कारण चांगली गाणी बहुधा इथेच मरतात. ३०० माणसांसाठी पंधरा इंची दोन टॉप (वरचे मुख्य स्पीकर), अठरा इंची दोन सब (खर्जाचे स्पीकर) आणि सोळा चॅनेलचा मिक्सर पुरतो. ‘दहा हजार वॅट’च्या पाटीला भुलू नये. टॉप जमिनीपासून सात फुटांवर ठेवून तोंड थोडे खाली करावे, नाहीतर पहिल्या दोन रांगांचे कान फुटतात आणि मागे नुसती धडधड पोचते. पत्र्याच्या मंगल कार्यालयात सब निम्म्यावर आणावेत. बरेच जण ड्रमपासून साउंडचेक सुरू करतात. मराठी गाण्यात शब्द महत्त्वाचे, म्हणून आधी गायकाचा आवाज उभा करावा. त्याचा १०० हर्ट्झखालचा भाग कापावा, मग गिटार २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये थोडी दाबावी. व्यंजने त्याच पट्टीत असतात, तिथे गिटार बसली की शब्द बुडतात. मॉनिटर, म्हणजे गायकाला त्याचाच आवाज ऐकवणारा स्पीकर, माइकच्या बरोबर पाठीमागे ठेवला की माइकची शिट्टी कमी होते.

हलगीला हॉलमध्ये माइक लागतच नाही. दमट हवेत तिचे कातडे सैल पडते आणि आवाज बसतो, म्हणून शेकून घ्यायला वेळ राखावा, किंवा दोन हलग्या आळीपाळीने वापराव्यात. चौंडक्याची तार उन्हात उतरते. सौंदत्तीच्या यल्लम्माचे हे वाद्य आपल्या बँडमध्ये बेस गिटारशेजारी शोभते, पण ते प्रत्येक गाण्याआधी सुरात लावावे लागते. तेवढा वेळ कुणीतरी बोलत राहिले पाहिजे.

सर्वांत धोक्याची गोष्ट अर्थिंग. गिटारचा अँप एका बोर्डावर आणि मिक्सर दुसऱ्यावर असला की घुंई येते. ती घालवायला प्लगची तिसरी पिन काढणारे लोक आहेत. असे कधीही करू नये. तारांवर बोटे आणि ओठ माइकला, अशा स्थितीत गायकाच्या अंगातून करंट जाऊ शकतो. सगळा साउंड एका फेजवर, एकाच अर्थिंगवर घ्यावा आणि लाइट दुसऱ्या फेजवर.

गाणे गाजण्याआधी एक कागद करावा: शब्द कुणाचे, चाल कुणाची, वाटा किती. नंतर यावरूनच बँड फुटतात. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा सोडून देता येत नाही. आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे सदस्य झाल्याशिवाय मात्र तो वसूल होणे अवघड. जोगतिणींची पारंपरिक चाल घेतली असेल तर तसे स्पष्ट लिहावे, स्वतःच्या नावावर घालू नये.

मंडळांकडे मागणे एवढेच: यंदा दहा दिवसांतली एक संध्याकाळ, सात ते पावणेआठ, इथल्या बँडच्या स्वतःच्या गाण्यांसाठी राखावी, आणि मांडव घालतानाच वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे.

आपला,
एक ध्वनिसंयोजक,
टिळकवाडी, बेळगाव