सीपीके करून बघू म्हणणाऱ्या लॅबच्या मॅडमना

मॅडम, नमस्कार. तुमच्याकडे रोज एवढी माणसं येतात त्यात आम्ही लक्षात असू की नाही माहीत नाही, पण मागच्या पावसाळ्यात आईला घेऊन लिव्हरची टेस्ट करायला आलो होतो तो मी. तेव्हा नीट थँक्यू पण म्हणालो नाही, ते राहूनच गेलं.

त्याआधी चार महिने आईचं लिव्हरचंच चालू होतं. लिव्हरच्या टेस्टमधले एसजीओटी, एसजीपीटी दोन्ही आकडे वाढलेले, सोनोग्राफी नॉर्मल, कावीळ नाही, तरी लिव्हरच्या गोळ्या आणि तेल-तूप बंद. बोटांचे सांधे दुखायचे म्हणून आरए फॅक्टर ही संधिवाताची टेस्ट केली तर ती निगेटिव्ह. बोटांच्या पेरांवर लाल चट्टे आलेले, ते आम्ही भांड्याच्या साबणाचे समजत होतो. आई रोज थोडी थोडी खचत होती, वेणी घालताना हात अर्ध्यातच खाली यायचे, देवपूजा झाली की पाटावरून उठायला मला हाक मारायची आणि आम्ही म्हणायचो अशक्तपणा आहे, तेल-तूप बंद आहे ना.

त्या दिवशी तुम्ही रिपोर्ट हातात दिला नाहीत, बाहेर आलात. आई खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन उठत होती ते तुम्ही बघितलंत आणि विचारलंत, काकू, जिना चढता येतो का? मग पेनाने जीजीटीच्या, लिव्हरच्याच टेस्टमधल्या अजून एका आकड्याला गोल केलात, म्हणालात लिव्हर बिघडलं असतं तर बहुतेक हा पण वाढला असता, हा स्नायूंतून येत नाही, पण एसजीओटी एसजीपीटी स्नायूंत पण असतात, स्नायू सुजून तुटायला लागले की तिथून रक्तात उतरतात. कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे का, कुठे पडल्या का, कमरेत इंजेक्शन घेतलंय का, थायरॉईड केलाय का, सगळं विचारलंत, कारण त्यानेही सीपीके, म्हणजे स्नायू तुटले की रक्तात उतरणारा घटक, वाढतो. आणि परत सुई न टोचता त्याच सॅम्पलवर सीपीके लावलात.

संध्याकाळी तुमचा फोन. नॉर्मल दोनशेच्या आत आणि आईचा ६,४०० च्या वर. "उद्याच संधिवातवाल्या डॉक्टरांना दाखवा, थांबू नका," एवढंच बोललात, पण आवाजावरूनच कळलं.

डर्मॅटोमायोसायटिस निघाला, स्नायू आणि कातडी दोन्हीला सूज आणणारा आजार. पेरांवरचे चट्टे पण त्याचेच होते. सूज उतरवायला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट सुरू झालं, दोन महिन्यांत सीपीके हजाराच्या खाली आला पण आईला उठता येईना, आम्ही घाबरून परत तुमच्याकडेच आलो. तुम्ही बसवून सांगितलंत की आकडा आधी उतरतो, ताकद मागाहून येते, काही बदल करायचा तर डॉक्टरांना विचारून, मनाने गोळी सोडू नका. खरं सांगतो, त्या दिवशी औषध बंद करायचं आमच्या मनात आलं होतं.

आज आई स्वतः वेणी घालते. परवा फडताळाच्या वरच्या फळीवरून पितळी डबा एकटीने काढला आणि मला हाक मारून दाखवला, मला तर बोलताच येईना.

पुढच्या सोमवारी मेथोट्रेक्सेटने लिव्हरला त्रास होत नाही ना हे बघायची एसजीपीटी करायला येतोय, यावेळी खरोखरच लिव्हरसाठी. आई बेसनाचे लाडू आणणार आहे, मागच्या वेळी तुम्ही नको म्हणालात, यावेळी प्लीज घ्या.