वर्गणीचा प्रश्न

ठाणे

ती. आई-बाबांस सा. न.

बाबा, अमेरिका जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडली ते तू एवढं का मनाला लावून घेतेस, असं तुम्ही विचारलंत. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

आमच्या आरोग्य केंद्रात येणाऱ्या लसीच्या कुपीवर एक बारीकसं वर्तुळ असतं आणि त्यात फिकट चौकोन. उष्णता लागेल तसा चौकोन गडद होत जातो. वर्तुळाच्या रंगाला आला की कुपी बाद. मे महिन्यात वीज गेली की सिस्टर आधी तो चौकोन बघतात. १९९६ मध्ये ही खूण पोलिओच्या लसीवर आली, पुढे आरोग्य संघटना आणि युनिसेफने ती इतर लसींवरही लावून घेतली. कळव्यातल्या बाळाला खराब डोस जाऊ नये, याची काळजी जिनिव्हात, संघटनेच्या मुख्यालयात बसून कुणीतरी घेतलेली असते, बाबा.

आणि हे काम चालतं कशावर? सभासद देशांची ठरलेली वर्गणी खर्चाच्या पाचव्या हिश्शाइतकीही नव्हती. बाकी बहुतेक पैसा देणग्यांचा, तोही देणगीदार सांगेल त्याच कामाला. सोसायटीत मेंटेनन्स नावापुरता आणि दोन-चार बड्या फ्लॅटवाल्यांच्या पैशांवर कारभार चालला, तर त्यांच्या विंगेची लिफ्ट चकचकीत होते, टाकी गळतच राहते. त्यातला सगळ्यात मोठा एकजण, म्हणजे अमेरिका, निघाला आणि २०२६-२७ चं बजेट साधारण पाचव्या हिश्शाने कापावं लागलं.

वर्गणी टप्प्याटप्प्याने बजेटच्या निम्म्यापर्यंत न्यायचं २०२२ मध्येच ठरलंय. मे २०२५ मध्ये २० टक्के वाढ मंजूरही झाली. मला वाटतं, भारताने याहून पुढे जाऊन जास्त भरावं आणि हक्काने बोलावं. ऑक्टोबर २०२० मध्ये आपण आणि दक्षिण आफ्रिकेने जागतिक व्यापार संघटनेत कोविडच्या लसी-औषधांवरचे पेटंटचे नियम शिथिल करा म्हटलं, तर जून २०२२ उजाडला आणि हाती आलं ते फक्त लसींपुरतं, तेही तुटपुंजं. तोवर किती घरं रिकामी झाली! २०२५ मध्ये महामारी करार झाला खरा, पण जंतूंचे नमुने देणाऱ्या देशांना लसीत वाटा कसा मिळणार, हा कळीचा भाग तेव्हा मागेच ठेवला गेला.

बाबा, ज्येष्ठ नागरिक संघात तुमची बोलायची पाळी आली की हाच विषय घ्या. आकडे मी काढून देते.

आई, फ्लूची लस घेतलीस का, ते कळव.

तुमची,
मनू