बाबा, शिफारस नको, ओळख हवी

बडोदा

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, तुम्ही लिंक्डइनवर खातं उघडलंत, मला फार बरं वाटलं. पण माझ्या मुखपृष्ठांच्या पोस्टखाली एका प्रकाशनाच्या कलादिग्दर्शकांनी कागदाबद्दल विचारलं होतं, आणि त्यांच्या लगेच खाली तुम्ही: "छान हो सोनू. रात्री जेवलीस का?" राहू दे आता ते तिथे, हसले असतील. पुढची चौकशी मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर करा. जेवले होते.

फोनवर तुम्ही म्हणालात, "बेंद्रे बसले होते का असे दिवसभर मोबाईल घेऊन?" तुमचा हा हुकमी एक्का. आपल्या इंदूरचे, देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली शिकलेले चित्रकार बेंद्रे १९५० मध्ये इथे फाइन आर्ट्सला शिकवायला आले, हे मी पहिलीपासून ऐकते आहे. पुढचं तुम्ही कधी सांगत नाही. १९५६ साली इथल्या चित्रकारांनी 'बडोदा ग्रुप ऑफ आर्टिस्ट्स' काढला आणि एकत्र प्रदर्शनं भरवायला लागले. घरात चित्रं रचून ठेवून कुणाला दिसत नाहीत, हे त्यांनाही ठाऊक होतं. आम्हाला भिंत भाड्याने घेणं परवडत नाही, म्हणून आम्ही बिहान्सवर, म्हणजे चित्रकार-डिझायनर आपली कामं मांडतात त्या वेबसाइटवर, लावतो.

तुमच्यातल्या बँकवाल्याला पडलेला प्रश्न, "मालक कोण?" लिंक्डइन २००३ पासून आहे, २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते विकत घ्यायचं ठरवलं. बिहान्स २०१२ पासून अडोबीकडे आहे. म्हणजे दुकान पक्कं आहे. दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक पक्कं असतं असं नाही. "निवड झाली, नोंदणीचे पैसे भरा" असा निरोप आला की मी तिथेच थांबते. "आधी आमचा लोगो करून दाखवा, आवडला तर पैसे" म्हणणाऱ्यांनाही नाही म्हणते. यावर आईचं मत तुमच्याहून कडक असेल, मला माहीत आहे.

आई, तू विचारतेस मी नेमकं करते काय. बिहान्सवर वर्गातली सगळी कामं टाकली नाहीत, निवडून सात-आठच ठेवली. प्रत्येकाबरोबर कच्ची रेखाटनं आणि बाद केलेले पर्यायही, कारण काम देणाऱ्याला ही मुलगी विचार कसा करते ते बघायचं असतं. चौघांनी मिळून केलेल्या कामात माझं काय, ते स्पष्ट लिहिते. हे सोपं आहे. अवघड आहे ते अनोळखी माणसाला लिहिणं. "सर, काम असेल तर सांगा" याला कुणी उत्तर देत नाही, आणि का द्यावं? मी लिहिते तेव्हा त्यांचं एखादं पुस्तक खरंच हातात घेऊन बघितलेलं असतं. त्यातली एक गोष्ट, माझ्या कामाचा एक दुवा आणि दोन मिनिटांत उत्तर देता येईल असा एक प्रश्न. बस्स. उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण, मग गप्प. हे लिहायला कधीकधी अख्खी सकाळ जाते, आणि तेवढ्यातच नेमका तुमचा फोन येतो!

या सगळ्यातून मला जे पहिलं काम मिळालं ते कुणा मोठ्या माणसाकडून नाही. कॉलेजात माझ्या पुढे असलेली, जिच्याशी मी कॅन्टीनमध्ये जेमतेम बोलले असेन अशी एक मुलगी आता पुण्यात असते. तिने माझी पोस्ट पाहून तिच्या ऑफिसात नाव सांगितलं. तुम्हाला आकडे लागतात म्हणून सांगते: लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी लोकांवर पाच वर्षं केलेला प्रयोग २०२२ मध्ये छापून आला. अगदी जवळच्यांपेक्षा बेताच्या ओळखीची माणसं नोकरी मिळवून द्यायला जास्त उपयोगी पडतात, असं त्यात दिसलं. आणि पटतंही. जवळच्या मैत्रिणींना माहीत असतं ते मलाही माहीतच असतं, त्या माझ्यासारख्याच काम शोधत बसलेल्या आहेत.

लाईक मोजत बसणारी मी नाही, आई. रोज "आज मी काय शिकले" छापाचं लिहिणारे पाहिले की मला कंटाळा येतो.

म्हणून बाबा, एक काम करा. तुमच्या बँकेतल्या मित्राचा पुतण्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत आहे म्हणालात ना? त्याला फोन करून "आमच्या मुलीचं बघा" म्हणू नका. फक्त त्याचं पूर्ण नाव आणि तो कुठल्या शहरात असतो, तेवढं मला कळवा. त्याचं काम आधी बघते, मग माझं मीच लिहीन. तुमचं नाव पहिल्या ओळीत घालेन, चालेल ना?

तुमची,
सोनू