तुमच्या खोक्यावरचा चंद्र

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: डास पळवणाऱ्या लिक्विडच्या खोक्यावरील दिशाभूल करणारा दावा, पहिल्या तक्रारीला तुम्ही दिलेलं उत्तर अमान्य असल्याबाबत

महोदय,

तुमचं उत्तर मिळालं. ‘आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ एवढं एक वाक्य, आणि सोबत तीन रिफिल मोफत.

मशीन जळालं असतं किंवा रिफिल गळकं निघालं असतं, तर ती गैरसोय. माझी नऊ वर्षांची मुलगी डेंग्यूने सहा दिवस रुग्णालयात होती, त्यातले दोन दिवस अतिदक्षता विभागात. त्या एका शब्दापायी हे दुसरं पत्र लिहायला बसले आहे.

चार वर्षं मी तुमचं लिक्विड वापरते आहे. अंधार पडला की खिडक्या बंद, मशीन चालू. सकाळी उठल्यावर पहिलं काम म्हणजे ते बंद करणं, कारण रिफिल वाया जायला नको. ही शिस्त मला तुमच्या खोक्यानेच लावली. त्यावर निळी रात्र आहे, चंद्र आहे, गाढ झोपलेलं बाळ आहे, खिडकीबाहेर तुंबलेलं गटार आहे, आणि ठळक अक्षरांत लिहिलंय: ‘डेंग्यूपासून रात्रभर संरक्षण’.

मुलीला तपासताना डॉक्टरांनी विचारलं, ‘ही दिवसा कुठे असते?’ मी म्हटलं, आम्ही रोज रात्री मशीन लावतो. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास मुख्यतः दिवसा चावतो. सकाळी उजाडल्यानंतरचे आणि सूर्य मावळण्याआधीचे काही तास त्याचे खास. म्हणजे नेमकं मी मशीन बंद केल्यानंतर आणि चालू करण्याआधी. गटाराचंही तसंच. ही मादी अंडी घालते ती बहुतेक साचलेल्या स्वच्छ पाण्यात: कुंडीखालची ताटली, उघडं पिंप, कूलर, टाकून दिलेला टायर. अंडी कोरडी पडली तरी काही महिने तग धरतात आणि पाणी मिळालं की फुटतात. चार वर्षं मी खिडकीबाहेरच्या गटाराकडे नाक मुरडत राहिले. मुलगी ज्या टेबलाखाली पाय सोडून अभ्यासाला बसते, त्याच्या शेजारीच मनीप्लँटची बाटली होती. तिच्यातलं पाणी शेवटचं कधी बदललं, मला आठवत नाही.

मुलीला कोणता डास कुठे चावला, हे मी सिद्ध करू शकत नाही आणि करणारही नाही. तुमच्या लिक्विडने रात्रीचे डास पळत नाहीत, असंही माझं म्हणणं नाही. मलेरियाचा डास रात्री चावतो. खोक्यावर मलेरिया लिहिलं असतं तर त्या चंद्राला काही अर्थ होता. तुम्ही डेंग्यूचं नाव घेतलंत, कारण लोक आज त्यालाच घाबरतात.

आणि घाबरतात ते उगाच नाही. पाचव्या दिवशी मुलीचा ताप उतरला तेव्हा आम्ही सुटकेचा श्वास टाकला. डॉक्टर मात्र त्याच वेळेची वाट बघत होते. या आजारात ताप उतरतानाचे एक-दोन दिवस सर्वांत धोक्याचे, हे तेव्हा कळलं. पोट दुखू लागलं, उलट्या थांबेनात, हातपाय गार पडले. रक्तातलं पाणी वाहिन्यांच्या बाहेर झिरपतं, उरलेलं रक्त दाट होतं, रक्तदाब कोसळतो. विषाणू मारणारं औषध नाही. सलाईन किती सोडायचं, हे तासातासाला तपासून ठरवायचं, एवढाच उपचार. कमी पडलं तर धोका, जास्त झालं तर फुप्फुसांत पाणी. (सगळा वॉर्ड एकमेकांना फक्त ‘प्लेटलेट किती?’ विचारत होता. मीही.)

शेजारच्या खाटेवर एक मुलगा होता. त्याची आई रोजंदारीवर काम करते. घरी धाकटीलाही ताप, म्हणून नवरा तिच्यापाशी. दोघांची मजुरी बंद, वर तपासण्यांसाठी उसनवारी. तिच्या पिशवीत तुमचं रिफिल होतं. एका दिवसाच्या कमाईतून ते विकत घेणं तिला माझ्याइतकं सोपं गेलं नसणार. तिने मला विचारलं, ‘हे लावलं होतं, तरी कसं झालं?’ हा प्रश्न खरं तर तुमच्यासाठी होता.

जगभरात दर वर्षी १० ते ४० कोटी लोकांना या विषाणूची लागण होते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. १९७० पूर्वी तीव्र डेंग्यूच्या साथी फक्त ९ देशांत आल्या होत्या. आज डेंग्यू १०० हून अधिक देशांत ठाण मांडून आहे. २००० साली संघटनेकडे सुमारे ५ लाख रुग्णांची नोंद झाली होती, २०२४ मध्ये ती १ कोटी ४० लाखांच्या वर गेली. यातला मोठा वाटा विकसनशील देशांचा. तिथे पाणी रोज येत नाही म्हणून भरून ठेवावं लागतं, आणि आजारी माणसाजवळ बसायचं तर कुणा एकाचा रोज बुडतो. तुमचं गिऱ्हाईकही तेच.

मुलगी आता घरी आहे. पण डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे असतात. एकाची लागण झाली की त्याच्यापुरतं संरक्षण मिळतं, दुसऱ्या प्रकाराने गाठलं तर आजार पहिल्यापेक्षा गंभीर होण्याचा धोका वाढतो. तिचा एक झाला. माझ्या दृष्टीने हे प्रकरण मिटलेलं नाही. तुमच्या ईमेलच्या शेवटी मात्र ‘तक्रार निकाली’ असं आहे.

म्हणून ती तक्रार पुन्हा उघडावी. खोक्यावरून एक तर डेंग्यूचं नाव काढा, नाही तर हा डास दिवसा चावतो आणि घरातल्या साचलेल्या पाण्यात वाढतो, हे त्याच आकाराच्या अक्षरांत आणि शेजारच्या खाटेवरच्या त्या मुलाच्या आईला वाचता येईल अशा भाषेत छापा. आतल्या घडीपत्रकात तळाशी नको. ते भिंग घेऊनही वाचवत नाही, मी प्रयत्न केला. ‘डेंग्यूपासून संरक्षण’ हा दावा कोणत्या चाचणीवर उभा आहे, ती चाचणी दिवसाची होती की रात्रीची, घर उघडं होतं की बंद, हे लेखी कळवा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर मी ग्राहक आयोगाकडे जाईन. पैसे परत नकोत.

तुम्ही पाठवलेली तिन्ही रिफिल न उघडता या पत्रासोबत परत पाठवत आहे. पोच द्यावी.

आपली,
एक ग्राहक

सोबत: खोक्याच्या चारही बाजूंची छायाचित्रं, खरेदीची पावती, रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डाची प्रत, तुमच्या उत्तराची प्रत, रिफिल तीन नग.