कारखान्याइतकेच बुरशीचे वाणही जपा

संपादक महोदय,

प्रतिजैविकांच्या कच्च्या मालासाठी आपण चीनवर अवलंबून आहोत, ही चर्चा अलीकडे वारंवार होते. पण ती बहुधा अनुदान, जमीन आणि यंत्रसामग्री यांपाशीच थांबते. पेनिसिलिन तयार करते ती पेनिसिलियम ही बुरशी, आणि तिच्या वाणाविषयी मात्र कोणी बोलत नाही.

फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये सापडलेल्या बुरशीपासून औषध इतके थोडे मिळे की त्यावर कारखाना चालणे शक्य नव्हते. अमेरिकेतील पिओरिया येथे १९४३ मध्ये बुरसटलेल्या खरबुजावर अधिक उत्पादन देणारे वाण मिळाले आणि क्ष-किरण व अतिनील किरणांचा मारा करत, निवडीमागून निवड करत ते पुढे सुधारले गेले. असे वाण पुन्हा पुन्हा नव्या माध्यमावर (बुरशी वाढवण्याच्या पोषक द्रव्यावर) उतरवत राहिल्यास त्याचा कस जातो, म्हणून ते शीतशुष्क करून, म्हणजे गोठवून व त्यातले पाणी काढून, साठवावे लागते.

किण्वन विभागात, म्हणजे मोठ्या टाक्यांत (फर्मेंटरमध्ये) बुरशी वाढवून औषध मिळवणाऱ्या विभागात, नोकरी केल्यामुळे मी हे काम जवळून पाहिले आहे. साखर एकदम दिली तर बुरशी जोमाने वाढते, पण पेनिसिलिन देत नाही. हवा आणि आम्लता सांभाळत साखर थोडी थोडी सोडावी लागते. पेनिसिलिनेज हे पेनिसिलिन मोडणारे विकर बनवणारा एखादा जिवाणू फर्मेंटरमध्ये शिरला, तर तयार झालेले औषधही नष्ट होऊन अख्खी बॅच वाया जाते. रात्रपाळीचा जाणता माणूस नमुन्याच्या वासावरून आणि स्लाइड पाहून धोका आधीच ओळखतो, आणि ही जाण यंत्रासोबत विकत मिळत नाही.

जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. हॅमायसिन हे बुरशीरोधक औषध तिथलेच, आणि ते देणाऱ्या सूक्ष्मजीवाचे नावही स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना. पुढे स्वस्त आयातीपुढे देशातील पेनिसिलिन जी या पेनिसिलिनच्या मूळ प्रकाराचे कारखाने बंद पडले; २०२४ मध्ये काकीनाडा येथे हे उत्पादन पुन्हा सुरू झाले, याचा मला मनापासून आनंद आहे.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह १९५१ पासून आहे. किण्वन विभाग बंद करणाऱ्या प्रत्येक कारखान्याने आपली वाणे, बॅचच्या नोंदींसह, तेथे जमा करणे सरकारने बंधनकारक करावे आणि या कामातील निवृत्त तंत्रज्ञांना सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष फर्मेंटरवर शिकवण्यासाठी बोलवावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त किण्वन तंत्रज्ञ, पुणे