वेळीच म्हणजे नक्की केव्हा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वैमानिक आणि सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरचा कालचा लेख वाचला. अमेरिकेची हकिगत छान सांगितली आहे. फोर्ट ब्लिसच्या लष्करी तळावर प्रशिक्षण घेताना सिकल सेलचे वाहक (आजार नाही, पण एका पालकाकडून दोष आलेला) असलेले चार जवान दगावले, अशा वाहकांना विमानापासून लांब ठेवले गेले, पुढे प्रकरण कोर्टात गेले आणि १९८१ मध्ये तिथल्या हवाई दलाच्या अकादमीने बंदी उठवली. हे फोर्ट ब्लिस चार हजार फुटांच्या आसपास, म्हणजे आपल्या महाबळेश्वरहून कमीच उंचीवर आहे, एवढे सांगितले असते तर बरे झाले असते. असो. मी लिहायला बसले ते शेवटच्या सल्ल्यामुळे: 'पालकांनी मुलांची रक्ततपासणी वेळीच करून घ्यावी.'

वेळीच म्हणजे केव्हा हो? माझा भाचा फिकट दिसतो म्हणून शाळेत असल्यापासून डॉक्टरांच्या पायऱ्या चढतोय. दर वेळी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, दर वेळी हिमोग्लोबिन जरा कमी, आणि दर वेळी तेच पुराण: पालक खा, गूळ-शेंगदाणे खा. शाळेत लोहाच्या निळ्या गोळ्या, घरी टॉनिक. त्याच कागदावर एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, साठीच्या घरात आणि तांबड्या पेशींची संख्या मात्र नेहमीपेक्षा जास्त, असे स्वच्छ छापलेले असायचे. पेशी बारीक आणि संख्या भरपूर म्हटल्यावर थॅलेसेमिया मायनरची, म्हणजे रक्ताच्या आणखी एका आनुवंशिक दोषाच्या सौम्य प्रकाराची, शंका घ्यायची असते. मी डॉक्टर नाही, तरी आता मला हे पाठ आहे. ज्यांनी फी घेतली त्यांना ते तेव्हा सुचले नाही.

पोरगा एसएसबीचे, म्हणजे सैन्यातले अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या परीक्षेचे, पाच दिवस पार करून निघाला. आजोळ अपशिंगे मिलिटरी या फौजींच्या गावचे, तेव्हा पेढे किती वाटले असतील ते तुम्हीच समजा. मग मेडिकल. तिथे हिमोग्लोबिन ए-टू हा हिमोग्लोबिनचा प्रकार साडेतीन टक्क्यांच्या वर निघाला, म्हणजे थॅलेसेमिया मायनर, आणि विषय संपला. एनडीएच्या जाहिरातीला जोडलेल्या हवाई दलाच्या निकषांत सिकल सेल आजार, थॅलेसेमिया मेजर, इंटरमीडिया, मायनर, ट्रेट अशी सगळी एका ओळीत बसवली आहेत आणि सगळ्यांना शेरा एकच, अनफिट. ऑक्सिजन कमी पडला की सिकलची पेशी वाकडी होते, त्याची धास्ती समजते. मायनरमधली पेशी वाकत नाही, नुसती लहान असते. रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर पळत चढणाऱ्या मुलाला तिने कधी अडवले नाही. तरी विमान कोणाच्या हाती द्यायचे हे हवाई दलाने ठरवावे, मी त्यात पडत नाही. फक्त कारण काय ते मराठीत कोणीतरी सांगा.

घरात काय झाले तेही लिहिते, कारण तुमच्या लेखात 'आनुवंशिक' एवढे लिहून लेखक मोकळे झाले. सगळ्यांनी आधी वहिनीकडे बघितले. तिच्या माहेरच्या तीन पिढ्या फौजेत, तरी दोष तिचाच! तपासणीत निघाले आमच्या भावाचे. तेव्हापासून हा विषय कोणी काढत नाही.

आणि आता या भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडम्या. भाच्याच्या अकॅडमीच्या फॉर्मवर उंची, वजन, छाती, बुटाचा नंबरसुद्धा होता. रक्ताचा रकाना नव्हता. पूर्ण फी आधी, सवलत नाही. प्रवेशाच्या दिवशीच सीबीसी आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी) करून घ्यायला काय जाते? मेसच्या महिन्याच्या बिलाहून कमीच खर्च येतो. पण पहिल्याच दिवशी मुले गळाली तर फ्लेक्सवर फोटो कोणाचे लावणार? ज्याला वैमानिक होता येणार नाही त्याला ते सतराव्या वर्षी कळले तर तो दुसरे काहीतरी धरतो. आमचा आता कॉलेजचे एक वर्ष सोडून घरी बसला आहे.

कालच्याच अंकात पान उलटले की एका अकॅडमीची अर्ध्या पानाची जाहिरात होती, 'खात्रीशीर निवड' म्हणून. खात्री कसली ते तुमच्या जाहिरात विभागाला विचाराल का? आणि मागच्या वेळी पोवई नाक्यावरच्या माझ्या पत्राची शेवटची दोन वाक्ये गाळली होतीत. ही गाळू नयेत.

आपली,
एक जुनी वाचक, शाहूपुरी, सातारा